मुकं वाद्य आणि मास्तरांची कवळी

आमच्या सोसायटीच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला ठराव एकच आहे आणि तो माझ्याविरुद्ध आहे. पाण्याच्या टाकीवर, गेटच्या रंगावर, वॉचमनच्या खुर्चीवर कधीही एकमत न झालेली बत्तीस कुटुंबं त्या रविवारी गच्चीवर जमली आणि "ए विंगमधील श्री. आत्माराम टिपणीस यांनी सोसायटीच्या आवारात क्लॅरिनेट वाजवू नये" या मजकुराला त्यांनी हात वर करून पाठिंबा दिला. सूचक होते वरच्या मजल्यावरचे रमेश गोगटे. अनुमोदनाला एक हात हवा होता, तो माझ्या शेजारच्या खुर्चीतून वर गेला. 'अनुमोदक : सौ. सरोजिनी आत्माराम टिपणीस' अशी इतिवृत्तात नोंद आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्याने सेक्रेटरींकडून वही मागून बघावी.

"तुमच्या भल्यासाठीच केलं," जिना उतरताना सरोजिनी म्हणाली. "आज नुसता ठराव झाला. अजून महिना गेला असता तर वरून कुंडी पडली असती."

मी तेव्हा सरकारी खात्यात आवक-जावक विभागात होतो. माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारल्यावर स्वतःचं म्हणून काहीतरी करावंसं त्याला वाटतं, यात चूक काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. मला क्लॅरिनेट वाजवावीशी वाटली. वसईत राहायला आल्यापासून लग्नाच्या दिवसांत शेजारच्या सांडोर गावाकडून वाऱ्यावर येणारी क्लॅरिनेट ऐकत आलो होतो, आणि ती वाजवणाऱ्या गॅब्रिएल मास्तरांकडे मी दर रविवारी शिकायला जाऊ लागलो. अकरा महिने गेलो. अकरा महिन्यांत माझी प्रगती किती झाली हे वर दिलेल्या ठरावावरून लक्षात येईल.

गॅब्रिएल मास्तरांचं घर केळीच्या वाडीत होतं. वय सहासष्ट, अंगाने काटक, आणि ओटीवरच्या खुर्चीतसुद्धा बँडबरोबर उभे असल्यासारखे ताठ बसायचे. शिकवताना मात्र ते स्वतः क्लॅरिनेटला तोंड लावत नसत. नुसती बोटं हवेत हलवून दाखवत. मला आधी वाटलं ही त्यांची शिकवण्याची पद्धत. मग एकदा क्लेमेंटीनबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला चहा देताना हळूच सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांचे वरचे दात गेले. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांखाली घट्ट धरावं लागतं. मास्तरांनी कवळी बसवून घेतली आणि पुतण्याच्या, ॲन्सेल्मच्या, लग्नात भर मांडवात वरचा सूर लावला. सूर छान लागला. क्लॅरिनेट खाली घेतली तर कवळी तिला चावूनच खाली आली. लोक हसले, मास्तरही हसले. घरी येऊन त्यांनी क्लॅरिनेट पुसली, सुटी केली, पेटीत ठेवली आणि पेटी कपाटावर चढवली. त्यानंतर ती उतरली नाही.

"आता ॲंजेलाचं लग्न जानेवारीत," क्लेमेंटीनबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

हे नीट सांगायला हवं. मास्तरांच्या आळीत एक पद्धत आहे. मुलगी लग्नासाठी घरातून निघाली की चर्चच्या फाटकापर्यंत तिच्या मागून क्लॅरिनेट वाजत जाते. आख्खा बँड नाही, नुसती क्लॅरिनेट आणि एक ढोल. वाटेत सूर तुटला तर मुलगी मागे वळून बघते आणि वळून बघितलेल्या मुलीचं मन सासरी रमत नाही, अशी आळीची समजूत. चाळीस वर्षं आळीतल्या प्रत्येक मुलीच्या मागून मास्तर चालत गेले होते. त्यांना मुलगी एकच. ॲंजेला शाळेत गणित शिकवत होती आणि असल्या समजुतींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण पप्पांचा आहे हे तिला ठाऊक होतं. आगाशीहून कोणीतरी वाजवणारा बोलवायचं ठरत होतं. घरात कोणी त्याचं नाव काढत नव्हतं.

मी चहा पिऊन घरी आलो. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला माझ्याच दुःखाचं जास्त पडलं होतं.

माझ्या दुःखावर उपाय सुचवला माझ्या मेहुण्याने. जितेंद्र परदेशात असतो आणि फोनवर प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे एखादं यंत्र असतं. तो म्हणाला, "भावजी, फुंकायचं एक इलेक्ट्रॉनिक वाद्य मिळतं. त्याला स्वतःचा आवाजच नाही. ते वायरीने कॉम्प्युटरला जोडायचं. तुम्ही फुंकायचं, बोटं ठेवायची, आणि आवाज काढायचा कॉम्प्युटरने. क्लॅरिनेट म्हणा, सनई म्हणा, हवं ते वाद्य आत भरलेलं असतं. कानाला हेडफोन लावलात की तुमच्याशिवाय कोणालाही ऐकू जाणार नाही."

"कोणालाही?" दुसऱ्या फोनवरून सरोजिनीने विचारलं. "मग पाठवून दे."

वाद्य तीन आठवड्यांत मुंबईला पोचलं आणि तिथल्या एका कचेरीत अडकलं. परदेशातून आलेलं टपाल तिथे उघडून बघतात. मी रजा टाकून गेलो. टेबलामागचे साहेब सज्जन होते. त्यांनी खोक्यातून ती काळी लांबट वस्तू काढली, उलटसुलट केली आणि विचारलं, "हे काय आहे?"

"वाद्य."

"वाजवून दाखवा."

मी फुंकलं. अर्थातच आवाज आला नाही. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक उठून बघायला आले. मी जोरात फुंकलं.

"वाजत नाही," साहेब म्हणाले.

"वाजतं, पण कॉम्प्युटर लागतो."

"म्हणजे हा कॉम्प्युटरचा भाग."

"नाही, वाद्य आहे."

"मग वाजवून दाखवा."

असं बराच वेळ चाललं. आवक-जावक विभागातल्या माणसाला समोरच्या टेबलाची अडचण कळते, म्हणून मी चिडलो नाही. फॉर्मवर वस्तूचा प्रकार लिहायचा असतो आणि जे वाद्य वाजत नाही ते वाद्याच्या रकान्यात घालायला कोणाचाही हात धजणार नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी हे दम्याच्या रोग्याचं उपकरण असावं असा तर्क काढला आणि डॉक्टरची चिठ्ठी मागितली. तिसऱ्या खेपेला तोडगा निघाला. एखाद्या अनुभवी वादकाने हे वाद्य असल्याचं लिहून द्यावं.

मी ज्या अनुभवी वादकाला ओळखत होतो तो एकच. मास्तरांनी 'गॅब्रिएल ब्रास बँड, सांडोर' असं छापलेला जुना कागद काढला, चष्मा लावला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'सदर वस्तू मी पाहिलेली नाही. परंतु श्री. टिपणीस ती फुंकणार आहेत व बोटे ठेवणार आहेत, त्याअर्थी ती वाद्य आहे.' खाली सही आणि बँडचा शिक्का. शिक्क्याची शाई वाळलेली होती, तेव्हा मास्तरांनी त्यावर हा हा करून वाफ सोडली. शिक्का उमटला. कचेरीतल्या साहेबांनी तो बघितला आणि खोकं लगेच माझ्या हातात दिलं.

घरी आल्यावर रमेश गोगटे मदतीला हजर झाले. माझ्याविरुद्ध ठराव मांडला म्हणून आमच्या संबंधांत काही कमी पडू नये अशी त्यांची मोठी इच्छा होती. त्यांच्या कंपनीत त्यांच्या शेजारच्या टेबलावर सगळ्यात पहिला कॉम्प्युटर आला होता, त्या जोरावर ते आमच्या इमारतीतले तज्ज्ञ. रोज संध्याकाळी दोन तास बसून, मधल्या भारनियमनाची वेळ सोडून, त्यांनी चार दिवसांत वाद्य जोडलं. मी हेडफोन लावला आणि फुंकलं. आवाज आला. क्लॅरिनेटचा आला, गोड आला, फक्त जरा उशिरा आला.

उशिरा म्हणजे मी फुंकायचो आणि अर्ध्या टाळीच्या अंतराने सूर यायचा. आमच्या खात्यासारखंच ते चाललं होतं. फुंकर आवक, सूर जावक, आणि मधे फाईल कुठे पडून राहायची ते कळत नव्हतं. पहिल्या सुराची वाट बघत थांबलं की दुसरा चुकायचा. गोगटे म्हणाले कॉम्प्युटर जुना आहे, विचार करायला वेळ घेतो. त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण काढून आत टेबलफॅनचा वारा सोडला. सूर तेवढाच उशिरा येत राहिला, मी मात्र दोन दिवस शिंकत होतो.

आणखी एक खोड होती. आत भरलेली वाद्यं इंग्रजी बाराखडीने लावलेली होती. वायर निघाली आणि परत जोडली की कॉम्प्युटर मागचं सगळं विसरून यादीतल्या पहिल्या आवाजावर जाऊन बसायचा. ए अक्षरात सगळ्यात वरती कोण असावं? अकॉर्डियनच्याही पुढे कोणा महाभागाने टाळ्या ठेवल्या होत्या. खऱ्याखुऱ्या, सभागृहातल्या. ॲप्लॉज. वाद्यात टाळ्यांचं काय काम हे जितेंद्रलाही सांगता आलं नाही. हेडफोनमध्ये मी त्या एकदा ऐकल्या आणि बटण दाबत क्लॅरिनेटवर आलो. त्यांचा धोका तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

चार महिने मी मुकाट वाजवत राहिलो. सोसायटी खूष, सरोजिनी खूष. पण माणसाचा स्वभाव विचित्र असतो. ज्यांनी आपल्याला गप्प केलं त्यांनीच आपलं ऐकावं असं वाटायला लागतं. गणपतीत सोसायटीच्या मनोरंजनाच्या कार्यक्रमात मी नाव दिलं. समितीने ठराव काढून बघितला, त्यात 'क्लॅरिनेट' असा शब्द होता आणि माझं वाद्य क्लॅरिनेट नव्हतं, त्यामुळे त्यांचा नाइलाज झाला. मी गॅब्रिएल मास्तरांनाही बोलावलं. ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पहिल्या रांगेत बसले.

कॉम्प्युटर घरातून मंडपात आणायचा म्हणजे वायरी काढायच्या आणि परत जोडायच्या. चाणाक्ष वाचकाला पुढचं कळलं असेल, मला कळलं नाही. मी नमस्कार केला, डोळे मिटले आणि फुंकलं.

कर्ण्यातून टाळ्यांचा कडकडाट झाला.

लोकांना वाटलं मागच्या रांगेने वाजवल्या. मागची रांग पुढच्या रांगेकडे बघायला लागली. मला वाटलं, न वाजवताच एवढं कौतुक! मी भारावून आणखी जोरात फुंकलं, तर टाळ्या आणखी वाढल्या. मी थांबलो की थांबत, फुंकलं की पडत. दोन-तीनदा हे झाल्यावर एका लहान मुलीने मोठ्याने विचारलं, "आई, टिपणीसकाका स्वतःलाच टाळ्या वाजवतायत का?" मग जो हशा पिकला तो मात्र कॉम्प्युटरचा नव्हता. गोगटे घाईने धावत आले आणि त्यांनी बटण इतक्या वेळा दाबलं की क्लॅरिनेट मागे टाकून यादी हेलिकॉप्टरवर गेली. हेलिकॉप्टरला मुलांनी वन्स मोअर दिला. मी दिला नाही. मी घरी जाऊन दिवा न लावता बसलो.

"जाऊ दे हो," सरोजिनीने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "लोक वर्षभर लक्षात ठेवतील." यात धीर देण्यासारखं काय होतं ते देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मास्तर उभे. सोबत त्यांचा ढोलवाला नथू, मिठागरांकडच्या गावचा, चाळीस वर्षांचा जोडीदार. मला वाटलं समाचाराला आले. मास्तर खुर्चीवर टेकले आणि बराच वेळ त्या काळ्या वस्तूकडे बघत राहिले.

"साहेब, हे तोंडात कसं धरतात? दात लागतात?"

"नाही मास्तर, दात कशाला? नुसतं ओठांत धरायचं. आत फक्त श्वास मोजला जातो."

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, मान वळवून कवळी काढली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. मग वाद्य ओठांत धरलं. मी कॉम्प्युटरवर क्लॅरिनेट आणली, तीनदा खात्री करून, आणि हेडफोन काढून स्पीकर चालू केला. ठरावाचं काय व्हायचं ते होवो.

पहिला सूर उशिरा आला. मास्तरांनी भुवया उंचावल्या. दुसराही उशिरा आला. तिसऱ्यापासून मास्तर वाजवायला लागले.

ते काय वाजलं ते मला लिहिता येणार नाही. नथूने खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ठेका धरला होता आणि सूर बरोबर त्या ठेक्यावर येऊन पडत होते, अर्धी टाळी मागे नाही की पुढे नाही. वरच्या मजल्यावर गोगट्यांची खिडकी उघडली आणि तशीच उघडी राहिली. सरोजिनी हातातलं उलथनं घेऊन दारात उभी होती. चार महिने जे मला जमलं नाही ते या माणसाला दहा मिनिटांत जमलं होतं. मला आनंद झाला असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे आधी मला हेवा वाटला, चांगला कडकडून वाटला. आनंद मागून आला.

"पण मास्तर, हे उशिरा वाजतं," मी म्हटलं. "तुम्हाला कसं जमलं?"

मास्तर बिनदातांचे हसले. नथू म्हणाला, "साहेब, मिरवनुकीत मास्तर पुढं आनि मी पार मागं. मधी मानसंच मानसं. माजा ढोल त्यांना उशिराच पोचनार ना? ढोल ऐकून वाजवलं तर सगलं इस्कटलं."

"ढोल ऐकून वाजवायचं नाही," मास्तर म्हणाले. "ढोल जिथं येणार, तिथं आपण आधी जाऊन उभं राहायचं. चाळीस वर्षं तेच केलं. तुमचं यंत्र काही नवीन सांगत नाही."

मग त्यांनी रुमाल खिशातून काढला, परत ठेवला. मला ते काय विचारणार ते कळलं होतं, आणि ते विचारणार नाहीत हेही कळलं होतं.

"जानेवारीत," मीच म्हटलं, "आगाशीवाल्याला नाही म्हणून सांगा."

त्यांनी माझा हात धरला. पुष्कळ वेळ धरला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण सकाळी सकाळी डोळ्यांत पाणी आलेलं सरोजिनीला दाखवायची माझी तयारी नव्हती.

बोलून तर बसलो. क्लॅरिनेट माणूस हातात धरून चालू शकतो. या वाद्याबरोबर कॉम्प्युटर चालला पाहिजे, स्पीकर चालला पाहिजे आणि वीज चालली पाहिजे. त्यासाठी मास्तरांच्या भावाने, आलोशियसने, वाडीतली केळीचे घड वाहायची हातगाडी दिली. तिच्यावर ट्रकची बॅटरी, इन्व्हर्टर आणि स्पीकर. लॅपटॉप गोगट्यांच्या कंपनीचा. तो देताना त्यांनी अट घातली की लॅपटॉप जिथे जाईल तिथे गोगटे जातील. वाद्याची वायर तीन मीटर. म्हणजे मास्तर आणि गाडी यांच्यात तीन मीटरपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये.

लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी चौकीत गेलो, तर तिथल्या हवालदारांनी अर्ज वाचून मान हलवली. "कॉम्प्युटर म्हणजे डीजे. डीजेला परवानगी नाही."

"यात माणूस फुंकतो हो."

"खरंच फुंकतो?"

मी फुंकण्याचा अभिनय करून दाखवला. सरकारी कचेऱ्यांत आवाजाशिवाय फुंकायची मला एव्हाना सवय झाली होती. त्यांनी 'डीजे' खोडून 'बँड (एक इसम)' असं लिहिलं. मला त्यांचा आदर वाटला.

लग्नाच्या दिवशी सकाळी ऊन लख्ख होतं. लॅपटॉपच्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसेना, म्हणून गोगट्यांनी त्यावर मोठी काळी छत्री धरली. पुढे पांढऱ्या झग्यात ॲंजेला आणि तिचा हात धरून तिचे मामा. तिच्या मागे मास्तर, नव्या सुटात, कवळी खिशात. मास्तरांच्या मागे तीन मीटरच्या वायरीला बांधलेली आमची वरात : आलोशियस गाडी ढकलतोय, गोगटे छत्री धरून, मी एक बोट बटणाजवळ ठेवून वाकलेला. आणि बाजूला नथू.

मास्तरांनी फुंकलं. सूर वाडीवरून गेला. क्लेमेंटीनबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. दोन वर्षांत त्या आळीने तो सूर ऐकला नव्हता. घराघरांतून लोक बाहेर आले, कोणी केळीच्या बुंध्याला टेकून उभे राहिले. मी बटणाजवळचं बोट हलवलं नाही. इतका जबाबदार मी ऑफिसात तीस वर्षांत कधी नव्हतो.

चर्चचं फाटक साठेक पावलांवर आलं असेल. तेवढ्यात व्हिडिओ शूटिंगवाला समोर आला आणि त्याने कॅमेरा माझ्याकडे वळवला. "काका, जरा थांबून इकडे बघा ना. कॉम्प्युटरवाले तुम्हीच ना?"

आता हे मी कसं सांगू? गणपतीत झालेली शोभा, सोसायटीचा ठराव, कचेरीतल्या खेपा, सगळं त्या एका वाक्याने धुऊन निघाल्यासारखं वाटलं. मी थांबलो. गाडीवर हात ठेवून थांबलो, म्हणजे गाडीही थांबली. केसांवरून हात फिरवला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसलो.

मास्तर चालतच होते. वायर ताणली गेली आणि सटकन निघाली.

सूर तुटला.

ॲंजेला थबकली. तिची मान जराशी हलली. आळीतल्या बायकांनी श्वास रोखून धरला होता. आणि मास्तर? मास्तर चालतच होते. आवाज गेल्याचं त्यांना कळलं नसेल असं नाही. पण ते फुंकत राहिले, बोटं फिरत राहिली, मला रविवारी ओटीवर दाखवायचे तशी. नथूने एक क्षण माझ्याकडे बघितलं, ते मी कधी विसरणार नाही, आणि ढोल तसाच चालू ठेवला. ढोलाच्या दोन ठोक्यांच्या मधे मास्तरांच्या श्वासाचा आवाज येत होता. फूऽ, फूऽ. एवढाच.

ॲंजेला वळली नाही. तशीच चालायला लागली.

नंतर कधीतरी मी तिला विचारलं. ती म्हणाली, "काका, लहानपणी पप्पा पहाटे ओटीवर सराव करायचे. आधी त्यांचा श्वास ऐकू यायचा आणि मग क्लॅरिनेट. श्वास येत होता ना मागून. मग वळायचं कशाला?"

पण ते नंतर. तेव्हा मी वायर हातात धरून पळत होतो, आलोशियस गाडी ढकलत माझ्या मागे, गोगटे छत्री घेऊन त्याच्या मागे. मास्तरांना गाठलं, वाद्यात वायर खुपसू लागलो. वळवळणाऱ्या सापाला टोपलीत घालणंही याहून सोपं असेल. ॲंजेला फाटकातून आत गेली, तेव्हा कुठे वायर बसली. मास्तर फाटकाच्या बाहेर थांबले, चाळीस वर्षं थांबत आले तसे, आणि शेवटचा लांब सूर त्यांनी सोडला.

गाडीवरून टाळ्यांचा कडकडाट झाला.

"यादी! यादी पहिल्यावर गेली!" गोगटे माझ्या कानात ओरडले. "बदला, टिपणीस, बदला!"

आवाज बदलायचं बटण माझ्या बोटाखालीच होतं. लग्नाला निघालेल्या मुलीच्या मागे त्या आळीत कोणी टाळ्या वाजवत नाही, सगळे रडत असतात. त्यामुळे चाळीस वर्षांत त्या फाटकापाशी मास्तरांना कोणी टाळी दिली नव्हती. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि जीव ओतून ते फुंकत होते. जितकं फुंकत तितक्या टाळ्या वाढत होत्या.

मी बटण दाबलं नाही.

श्वास संपला तसं त्यांनी वाद्य ओठांतून काढलं. यंत्र नेहमीसारखं मागे पडलेलं होतं, त्यामुळे टाळ्या त्यांच्या मागून अर्धी टाळी तशाच चालू राहिल्या. तेवढ्यात फाटकाच्या आतून ॲंजेलाने वळून बघितलं. आता वळायला काही हरकत नव्हती.